संगणक, वीज आणि नियम: मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मी संगणक जोडून देतो आणि दुरुस्त करतो. जिंतूर, सेलू, गंगाखेडपासून वसमत-हिंगोलीपर्यंतच्या काही शाळा, एमएस-सीआयटीची केंद्रं, सेवा केंद्रं आणि डीटीपीची दुकानं यांची यंत्रं माझ्याकडे देखभालीला असतात. उन्हाळा लागला, लाईट बिल हातात पडलं की तेच ते प्रश्न सुरू होतात. दुकानात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धंच राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

फ्रिज आणि एसीवर स्टार असतात. संगणकावर का नाहीत?

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. त्याखाली ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, १ मार्च २००२ रोजी सुरू झाला आणि स्टारची योजना २००६मध्ये आली. कायद्याच्या कलम १४नुसार एखाद्या उपकरणाला वीजवापराची मर्यादा घालायचा आणि त्यावर लेबल सक्तीचं करायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. पण सगळ्या वस्तू सक्तीत नाहीत. फ्रिज, एसी, टीव्ही, गिझर, एलईडी दिवे सक्तीत आले, २०२३च्या जानेवारीपासून छताचे पंखेही आले. लॅपटॉप मात्र ऐच्छिक यादीत घेतला गेला. कंपनीला वाटलं तर तिने लेबल घ्यावं, नाही वाटलं तर नाही.

टेबलावरच्या डेस्कटॉपला तेवढंही नाही. त्यातून आपल्याकडे बहुतेक डेस्कटॉप सुटे भाग आणून जोडलेले असतात. मदरबोर्ड एका कंपनीचा, कॅबिनेट दुसऱ्या, आणि आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, तिसऱ्याच. लेबल लावायचं कुणी, हा प्रश्नच आहे. तरीसुद्धा निदान कंपनीच्या तयार डेस्कटॉपला आणि सुट्या एसएमपीएसला सक्तीची मर्यादा यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी शाळेतला पीसी दहा-दहा वर्षं चालतो. एकदा चुकीचं यंत्र आलं की त्याचं बिल दहा वर्षं भरावं लागतं.

पण माझ्या लॅपटॉपच्या तळाशी भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर आहे. तो वीजबचतीचाच ना?

नाही. तो सुरक्षेचा आहे. २०१२च्या सक्तीच्या नोंदणी आदेशानुसार लॅपटॉप, मॉनिटर, अडॅप्टर वगैरे वस्तूंना भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी करावी लागते. शॉक बसू नये, आग लागू नये यासाठीची ती तपासणी असते. खूण बघूनच वस्तू घ्या, ते चांगलंच आहे. पण यंत्र वीज किती खातं, हे त्या खुणेवरून कळत नाही.

मग संगणकाच्या विजेचे नियम आहेत तरी कुठे?

सुरुवात अमेरिकेतून झाली. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२मध्ये 'एनर्जी स्टार' ही ऐच्छिक योजना काढली, आणि तिच्यातली पहिली उपकरणं संगणक आणि मॉनिटर हीच होती. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारी कार्यालयांना एनर्जी स्टारचेच संगणक घ्यायचा आदेश निघाला आणि कंपन्या झपाट्याने त्या मागे लागल्या. ज्यांनी नव्वदच्या दशकातले पीसी वापरले आहेत त्यांना आठवत असेल. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक चांदणी उमटायची. ती हीच.

युरोपीय संघाने ऐच्छिकावर न थांबता कायदा केला. २०१३चा ६१७ क्रमांकाचा नियम १ जुलै २०१४पासून लागू झाला आणि १ जानेवारी २०१६पासून आणखी कडक झाला. मर्यादेत न बसणारा संगणक तिथे विकताच येत नाही. चीनने २०१२मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०१३मध्ये किमान दर्जा ठरवला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने डिसेंबर २०१६मध्ये नियम मंजूर केले. डेस्कटॉपसाठी त्यांचा पहिला टप्पा २०१९च्या जानेवारीत आणि दुसरा २०२१च्या जुलैत आला.

हे सगळं दूरचं वाटतं, पण आपल्या उपयोगाचं आहे. मोठ्या कंपन्या देशागणिक वेगळा बोर्ड काढत नाहीत. युरोपसाठी जे सुधारावं लागलं, ते पुष्कळदा आपल्या बाजारातल्या मॉडेलमध्येही येतं. पाहायचं असेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात एनर्जी स्टारचा उल्लेख शोधा. सुट्या भागांतून जोडलेल्या पीसीला हा आधार मिळत नाही. तिथे निवड आपली आपणच करायची.

हे नियम नेमकं काय मोजतात? संगणक जोरात काम करतो तेव्हाची वीज?

इथेच सगळ्यांची समजूत चुकते. नियम मुख्यतः मोजतात तो *रिकामा* बसलेला संगणक. चालू आहे, पण काही करत नाही, अशा अवस्थेतला.

युरोपच्या नियमातला हिशेब असा आहे. वर्षात ८,७६० तास असतात. डेस्कटॉप त्यांपैकी ५५ टक्के वेळ बंद, ५ टक्के वेळ झोपलेला (स्लीपमध्ये) आणि ४० टक्के वेळ रिकामा चालू आहे असं धरायचं. प्रत्येक अवस्थेतले वॉट मोजायचे आणि वर्षाचे युनिट काढायचे. समजा एक पीसी बंद असताना १ वॉट, झोपेत २ वॉट आणि रिकामा ३० वॉट घेतो. आकडे घातले तर वर्षाला साधारण १११ युनिट येतात. साध्यात साध्या वर्गासाठी २०१६नंतरची मर्यादा ९४ युनिट आहे, त्यात हा बसत नाही. त्याच्या वरच्या वर्गाची ११२ आहे, तिथे हा जेमतेम बसतो.

आता त्या १११ युनिटांची फोड करा. १०५ युनिट एकट्या रिकाम्या अवस्थेचे आहेत. बंद आणि झोप मिळून सहाच्या आत. म्हणून कंपन्यांनी सगळं डोकं रिकाम्या अवस्थेवर चालवलं. प्रोसेसरचे न लागणारे भाग झोपवायचे, पंख्याचा वेग उतरवायचा, बोर्डवरची गळती कमी करायची.

तुमच्या दुकानाचा दिवस आठवून बघा. सेवा केंद्रात सातबारा निघतो दोन मिनिटांत. मग प्रिंट, मग सुट्टे पैसे, मग सर्व्हर डाऊन, मग पुढचा माणूस कागद शोधतो. दिवसभरात प्रोसेसर खऱ्या कामाला लागतो तो थोडा वेळ. बाकी वेळ यंत्र जागं राहून वाट बघत असतं, आणि बिल त्या वाट बघण्याचं येतं.

एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलं आहे. म्हणजे माझा पीसी ४५० वॉट खातो का?

नाही. ती त्याची जास्तीत जास्त देण्याची ताकद झाली. कार्यालयीन कामाचा, वेगळं ग्राफिक कार्ड नसलेला पीसी रिकामा असताना त्यातले २० ते ६० वॉटच घेतो.

उलट मोठा एसएमपीएस घेण्यात तोटाच असतो. एसएमपीएस भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी करून देतो आणि त्या रूपांतरात काही वीज उष्णतेत जाते. '८० प्लस' नावाचा दर्जा २००४पासून आहे. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज आत पोचली पाहिजे, अशी त्याची मूळ अट. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम हे वरचे दर्जे. युरोपचा नियम निम्म्या भारावर ८५ टक्के आणि २० व १०० टक्के भारावर ८२ टक्के मागतो.

आकड्यात सांगतो. आतल्या भागांना ६० वॉट हवेत. बिननावाचा एसएमपीएस ७५ टक्के दक्ष असेल तर भिंतीतून ८० वॉट ओढतो. ८५ टक्क्यांचा असेल तर ७१. रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर फरक जवळपास ३० युनिटांचा. शिवाय तो ८० वॉटवाला जास्त तापतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे आधीच ४२ अंश असतात. माझ्याकडे येणाऱ्या बंद पडलेल्या पीसींमध्ये फुगलेले कपॅसिटर मी याच दिवसांत सर्वांत जास्त बघतो.

४५० वॉटच्या एसएमपीएसला २० टक्के भार म्हणजे ९० वॉट. तुमचा पीसी रिकामा ३० वॉटवर बसलेला असेल तर तो त्या मोजमापाच्या बराच खाली चालतो, आणि तिथे दक्षता घसरते. साध्या कामाच्या पीसीला चांगल्या कंपनीचा छोटा एसएमपीएस पुरतो. 'पुढेमागे लागेल' म्हणून ६५० घेऊ नका.

नवीन चांगला एसएमपीएस बसवला, तर लाईट गेली की पीसी झटक्यात बंद पडतो. जुना तर इन्व्हर्टरवर मस्त चालायचा!

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो आणि नव्या एसएमपीएसला उगाच शिव्या बसतात. दोष बहुधा त्याचा नसतो.

नियमांनी दक्षतेबरोबर पॉवर फॅक्टरचीही (ओढलेल्या विजेतली किती खऱ्या कामाला लागते, त्या मापाची) अट घातली. युरोपात पूर्ण भारावर ०.९. ती पाळायची तर एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सक्रिय सर्किट घालावं लागतं. हे सर्किट येणाऱ्या विजेची लाट गुळगुळीत, वळणदार आहे असं धरून चालतं. महावितरणची वीज तशीच असते. स्वस्त इन्व्हर्टर आणि साधे यूपीएस मात्र पायऱ्यापायऱ्यांची, चौकोनी लाट देतात. बदल होतो त्या क्षणी काही एसएमपीएस ती लाट स्वीकारत नाहीत आणि यंत्र बंद पडतं.

उपाय म्हणजे शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस. घेताना दुकानदाराला नुसतं 'साइन वेव्ह आहे का' विचारू नका, 'प्युअर साइन वेव्ह' हे शब्द खोक्यावर दाखवायला लावा. आणि शक्य असेल तर आपला पीसी जोडून, मेनचं बटण बंद करून समोरच बघा. मी नांदेडच्या एका ग्राहकासाठी तीन वेगवेगळे यूपीएस लावून पाहिले, तेव्हा तिसरा टिकला.

दुसरा मार्ग जास्त सोपा आहे. लॅपटॉप किंवा अडॅप्टरवर चालणारा मिनी पीसी घ्या. त्याचा भार इतका कमी असतो की साध्या यूपीएसवरही तो सहसा कुरकुर करत नाही.

इन्व्हर्टरच्या बॅकअपमध्ये खरंच फरक पडतो का?

खूप पडतो. आपल्या भागात वीजबचतीचा पहिला फायदा बिलात नाही, इथे दिसतो. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तासांची. जुनी होत जाते, पूर्ण रिकामी करायची नसते, इन्व्हर्टरही थोडी खातो. हाताशी १,००० वॉट-तास धरा. ७८ वॉटचे (पीसी आणि मॉनिटर मिळून) चार संगणक असतील तर सव्वातीन तासांत खेळ संपतो. ३० वॉटचे चार असतील तर आठ तासांच्या वर जातात. तीच बॅटरी, तोच इन्व्हर्टर. आणि बॅटरीतून काढलेली वीज परत भरताना मेनमधून बरीच जास्त वीज जाते, कारण चार्जिंगमध्येही गळती असते.

माझं यंत्र किती वॉट घेतं, हे घरी कसं मोजायचं?

पिन आणि बोर्डच्या मध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. शाळेने एक घेऊन ठेवावाच. तो नसेल तर घराचा मीटर वापरा.

महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा लुकलुकणार. समजा ३,२०० लिहिलं आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि राऊटरसुद्धा, फक्त संगणक चालू ठेवा. मोबाईलवर घड्याळ लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा, दहा वेळा मोजून सरासरी काढा. १,१२५ला त्या सेकंदांनी भागा, वॉट मिळतील. १५ सेकंद आले तर ७५ वॉट. मीटरवर १,६०० लिहिलं असेल तर १,१२५च्या जागी २,२५० घ्या.

तीन वेळा मोजा: काम करताना, रिकामा असताना, आणि झोपवल्यावर. मधला आकडा वहीत लिहून ठेवा. तोच महत्त्वाचा.

आमच्या शाळेत २० संगणकांची लॅब आहे. जुने काढून नवीन घ्यावेत का?

आधी हिशेब, मग खरेदी. सेलूकडच्या एका मुख्याध्यापक मॅडमसोबत बसून मी हा मांडला होता.

जुना पीसी मॉनिटरसकट ७८ वॉट. लॅब दिवसाला आठ तास चालू, वर्षाला २५० दिवस. एका पीसीचे १५६ युनिट, वीस पीसींचे ३,१२०. नवीन मिनी पीसी मॉनिटरसकट ३० वॉट धरला तर वीसांचे १,२००. बचत १,९२० युनिट.

आता नवीन काही न घेता बघा. आठ तासांतले जेमतेम चार तास मुलं यंत्रासमोर असतात. उरलेला वेळ म्हणजे तास बदलणं, मधली सुट्टी, प्रार्थना, मोकळा वर्ग. त्या वेळात यंत्र आणि मॉनिटर झोपले आणि मिळून ३ वॉट घेऊ लागले, तर वर्षाचे ३,१२० युनिट १,६२०वर येतात. बचत १,५०० युनिट, खर्च शून्य. नवीन लॅब घेऊन जेवढं वाचतं त्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त, नुसत्या सेटिंगने. दोन्ही केलं तर ६६० युनिटांत वर्ष निघतं.

मॅडमनी आधी सेटिंग बदललं. नवीन यंत्रांसाठी पैसे नंतर जमवले.

उष्णतेचंही धरा. संगणक जेवढे वॉट घेतो तेवढी उष्णता खोलीत सोडतो. ७८ वॉटचे २० पीसी म्हणजे खोलीत १,५६० वॉटचा हीटर. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या लॅबमध्ये मुलांना तो सोसावा लागतो. एसी असेल तर ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज.

सेटिंग नेमकं काय करायचं?

युरोपचा नियम सांगतो की विकताना यंत्र असं लावलेलं हवं: हात न लावता १० मिनिटं गेली की पडदा बंद, ३० मिनिटं गेली की संगणक झोपेत. ग्राहक पुढे बदलू शकतो, पण मूळ सेटिंग हेच. आपल्याकडे एसीला असाच विचार लावला आहे. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलचे एसी चालू केले की २४ अंशांवर सुरू होतात. बहुतेक माणसं मूळ सेटिंगला हात लावत नाहीत, म्हणून ते योग्य असणं फार मोलाचं.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, मग पॉवर. तिथे पडदा आणि झोप यांच्या वेळा आहेत. लॅबसाठी मी पडदा ५ मिनिटं आणि झोप १५ मिनिटं लावतो. आधी पोरं तक्रार करतात, आठवड्यात सवय होते.

झोपेत असताना लाईट गेली तर? आमचं अर्धवट काम जातं.

ही भीती खरी आहे, आणि आपल्याकडे लोक स्लीप वापरत नाहीत त्याचं कारणही हेच. झोपेत काम रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, ठेवलेलं असतं आणि रॅमला सतत थोडी वीज लागते. लाईट गेली आणि मागे यूपीएस नसला की सगळं पुसलं जातं.

जिथे भारनियमन आहे किंवा डीपी वारंवार उडते, तिथे हायबरनेट वापरा. त्यात काम डिस्कवर लिहून यंत्र जवळपास पूर्ण बंद होतं. एसएसडी असेल तर परत उठायला काही सेकंदच जास्त लागतात. लॅपटॉपला आपली बॅटरी आहे, तिथे झोप निर्धास्त लावा. यूपीएस असलेल्या डेस्कटॉपलाही थोड्या वेळासाठी चालते. शेतावरच्या फिडरवर चालणाऱ्या गावातल्या केंद्रांना मी सरसकट हायबरनेटच लावून देतो.

स्क्रीनसेव्हर लावला तर वीज वाचते ना?

वाचत नाही. जुन्या डब्ब्यासारख्या मॉनिटरच्या काचेवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून तो निघाला. तो चालू असताना मॉनिटर जागाच असतो. काढून टाका.

वारंवार बंद-चालू केल्याने पीसी लवकर खराब होतो, असं म्हणतात.

दिवसातून दोन-चारदा बंद-चालू केल्याने आजच्या यंत्राला काही होत नाही. रात्रभर चालू ठेवल्याने मात्र पंखे झिजतात, काळ्या मातीची बारीक धूळ आत ओढली जाते आणि पहाटे व्होल्टेज वरखाली झालं तर फटका बसतो.

शटडाऊन केल्यावरही वीज जाते?

जाते, थोडी. पिन लागलेली असेपर्यंत एसएमपीएस आत एक छोटा पुरवठा जिवंत ठेवतो. वर्षभर सतत १ वॉट म्हणजे पावणेनऊ युनिट. एकटा पीसी म्हणून नगण्य, पण शेजारी मॉनिटर, स्पीकर, प्रिंटर, यूपीएस असं सगळं जमलं की दहा-पंधरा वॉट सहज होतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९मध्ये मांडलं होतं की बंद अवस्थेत कुठल्याही उपकरणाने १ वॉटपेक्षा जास्त घेऊ नये. पुढे अनेक देशांचे नियम त्या विचारावर उभे राहिले. आपल्यासाठी उपाय साधा: सगळ्या पिना एका एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि जाताना बोर्डचं बटण बंद.

पुण्याहून येणारे सेकंडहँड ब्रँडेड पीसी घ्यावेत का? स्वस्त असतात.

मोठ्या कंपन्यांतून निघालेले छोट्या कॅबिनेटचे पीसी असतील तर जरूर घ्या. युरोप-अमेरिकेचे नियम डोळ्यांसमोर ठेवून ते बनलेले असतात, आतला एसएमपीएस चांगला असतो आणि रिकामे असताना पुष्कळदा नव्या असेंबल पीसीपेक्षा कमी वीज घेतात. मोठ्या उभ्या वर्कस्टेशनच्या नादी लागू नका. दिसायला भारी, किंमत कमी, पण रिकामं बसूनही ते ८०-१०० वॉट खातं. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातलं यंत्र फुकट मिळालं तरी रोजच्या कामाला घेऊ नका.

विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे विंडोज ११ न चालणारी चांगली यंत्रं स्वस्तात निघत आहेत. लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ती शाळेत, वाचनालयात, टायपिंगला वर्षानुवर्षं चालतील. संगणक, विशेषतः लॅपटॉप, तयार करतानाच भरपूर कार्बन खर्ची पडलेला असतो. चांगलं यंत्र फक्त नवं हवं म्हणून मोडीत काढू नये.

मॉनिटर मात्र जुना ठेवू नका. १७ इंची काचेचा डब्बा ७०-८० वॉट घेतो, तेवढाच एलईडी १५-२०.

गेमिंग पीसीवर परदेशात बंदी आली होती म्हणे?

बंदी गेम खेळण्यावर नव्हती. २०२१च्या जुलैत कॅलिफोर्नियाचा दुसरा टप्पा लागू झाला तेव्हा एका मोठ्या कंपनीने आपली काही गेमिंग मॉडेलं कॅलिफोर्निया आणि तसेच नियम असलेल्या आणखी पाच राज्यांत पाठवणं थांबवलं. ती मॉडेलं *रिकामी* असताना मर्यादेपेक्षा जास्त वीज घेत होती. खेळताना किती वीज लागते याला तो नियम हात लावत नाही. जास्त स्लॉट आणि पोर्ट असलेल्या यंत्राला सूटही जास्त मिळते.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कोटेशनमध्ये काय लिहावं?

नुसतं 'आय-थ्री, आठ जीबी' लिहिलं की सर्वांत स्वस्त एसएमपीएस असलेला डबा येतो. एका शाळेत असे बारा डबे आलेले मी उघडले आहेत. एसएमपीएस इतका हलका होता की हातात घेताच कळलं. म्हणून कोटेशनमध्ये हे घाला: 'संगणक रिकामा चालू असताना मॉनिटर वगळून २० वॉटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. एसएमपीएस ८० प्लस ब्राँझ किंवा वरचा असावा, किंवा यंत्र बाह्य अडॅप्टरवर चालणारं असावं. १० मिनिटांनी पडदा व ३० मिनिटांनी झोप असं सेटिंग करून द्यावं. स्वीकारताना वॉटमीटरवर मोजून घेतलं जाईल.' शेवटचं वाक्य गाळू नका. मोजलं जाणार हे माहीत असलं की माल बदलतो.

एवढ्या थोड्या युनिटांनी काय फरक पडणार आहे?

आपल्या वीजजाळ्यात अजून कोळशाचा वाटा मोठा आहे. एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. वर सांगितलेल्या शाळेचे सेटिंगने वाचलेले १,५०० युनिट म्हणजे टनभराहून जास्त.

पण मराठवाड्याच्या माणसाला मी पाण्याची गोष्ट सांगतो. कोळशावर वीज करायला वाफ लागते आणि ती थंड करायला पाणी. २०१३च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, २०१५मध्ये पुन्हा तीच वेळ आली. तेव्हा मी परळीजवळच्या एका संगणक केंद्रात काम करत होतो. टँकरच्या रांगेत उभं राहून आलेली पोरं संध्याकाळी लॅबमध्ये बसायची, आणि कोपऱ्यातले सहा रिकामे पीसी तसेच चालू असायचे. ते मी तेव्हा बंद केले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

जुना संगणक भंगारवाल्याला द्यावा का?

देऊ नका. काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, आणि बोर्ड जाळून तांबं काढणाऱ्याच्या फुप्फुसात तो धूर जातो. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांनुसार जुन्या यंत्रांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा, किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्या. द्यायच्या आधी हार्ड डिस्क काढून घ्या. सेवा केंद्राच्या डिस्कवर अख्ख्या गावाचे आधार आणि सातबारा असतात.

संध्याकाळी कुलूप लावताना नेमकं काय बंद करायचं?

आधी सगळे पीसी शटडाऊन. पीसीवरचा दिवा गेला की एक्स्टेन्शन बोर्डचं बटण. प्रिंटर वेगळा बंद करा, लेझर प्रिंटर तापून बसलेला असतो. यूपीएसचं पुढचं बटणही बंद करा, नाहीतर मेन गेल्यावर तो रिकाम्या खोलीत रात्रभर टीट-टीट करत बॅटरी संपवतो. इन्व्हर्टर मात्र मेनला जोडलेलाच ठेवा, म्हणजे सकाळी लाईट नसली तरी बॅटरी भरलेली मिळेल. राऊटरवर कॅमेरा नसेल तर त्याचीही पिन काढा.